‘वर्तणूक’ या रकान्यात लिहिण्याआधी : नागपूर अधिवेशनाला येणाऱ्या आमदारांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्र विधानसभा व विधान परिषदेचे सर्व सन्माननीय सदस्य,
विधान भवन, सिव्हिल लाइन्स, नागपूर

सन्माननीय सदस्यहो,
सप्रेम नमस्कार.

दर हिवाळ्यात आपण आमच्या गावाला येता. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारात ठरल्याप्रमाणे वर्षातलं एक अधिवेशन इथे भरतं. त्या दिवसांत मॉरिस कॉलेज टी-पॉइंटपासून टेकडी रोडपर्यंत सगळ्या महाराष्ट्रातून आलेली माणसं रस्त्यावर बसलेली असतात. मीही दोनदा त्या रस्त्यावर बसले आहे, विनाअनुदानित शाळांच्या प्रश्नासाठी. यंदा पत्र लिहिते आहे. ज्या गोष्टीबद्दल मला बोलायचं आहे तिच्यासाठी अजून कोणाचा मोर्चा निघत नाही, कारण ती ज्याच्यावर ओढवते त्याला बहुतेक वेळा त्याचा पत्ताच लागत नाही. ती गोष्ट म्हणजे माणसाला न कळवता, न विचारता सरकारी नोंदीत त्याच्या वागण्याबद्दल पडणारा शेरा.

मी पूर्व नागपुरातल्या एका शाळेत बत्तीस वर्षं शिकवलं आणि मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाले. शाळा सोडल्याचा दाखला आपण प्रत्येकाने कधी तरी हातात घेतलाच असेल. आम्ही त्याला टीसी म्हणतो. नाव, आईचं नाव, जात, जन्मस्थळ, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी. त्याच्या खाली ‘प्रगती’ आणि ‘वर्तणूक’. वर्तणुकीच्या रकान्यात जवळजवळ नेहमीच ‘चांगली’ लिहिलेलं असतं. आमचे बाबू तर पुस्तकातले सगळे दाखले रिकाम्या वेळात ‘चांगली’ लिहून तयार ठेवायचे. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाच्या वागण्याचा निकाल आपण एका शब्दात लावू नये, एवढं शहाणपण त्या सवयीत होतं. मी ते एकदा मोडलं.

१९९६ सालची गोष्ट. आठवीच्या वर्गाची मी वर्गशिक्षिका होते. रामटेकच्या सहलीचे पैसे मॉनिटर गोळा करत होता. त्याचे वडील गोळीबार चौकाजवळ मागावर बसायचे. मुलगा हिशेबाला चोख, वहीच्या मागच्या पानावर प्रत्येकाच्या नावापुढे रक्कम लिहून ठेवणारा. शनिवारी पाकीट तुमच्या टेबलावर ठेवलं, असं तो म्हणाला. सोमवारी पाकीट नव्हतं. तीनशे चाळीस रुपये होते त्यात. मी त्याला एकदाच विचारलं, तेही सगळ्या वर्गासमोर. तो रडायला लागला आणि ते रडणं मी कबुली समजले. वडिलांना बोलावलं. मुलाला काढून न्या, असं त्यांना तोंडावर कोणी म्हणालं नाही, पण ते ओळखायचं ते ओळखून गेले. टीसी लिहिताना बाबूंनी मान वर करून विचारलं, "मॅडम, वर्तणूक?" मी म्हणाले, "असमाधानकारक." त्यांनी तयार दाखला बाजूला ठेवला आणि कोरा घेतला. मी सही केली, मुख्याध्यापकांनी सही केली, गोल शिक्का बसला. वडिलांनी तो कागद दोन्ही हातांनी घेतला. त्यांना वाचता येत नव्हतं.

दिवाळीच्या सुट्टीत झाडझूड करताना टेबलाचा खण पूर्ण बाहेर काढला, तेव्हा मागच्या फळीला चिकटून उभं राहिलेलं ते पाकीट मिळालं. रक्कम पूर्ण होती. मी त्याच संध्याकाळी त्यांच्या घरी गेले. मुलगा मागावर बसला होता. दोन शाळांनी दाखला बघून ‘जागा भरल्या’ म्हणून सांगितलं होतं, आणि जागा का भरल्या हे त्या घरात कोणालाच कळलं नव्हतं. दाखल्यावर काय लिहिलं आहे ते मी त्यांना वाचून दाखवलं. त्याच्या आईने चहाचा कप माझ्यापुढे ठेवला आणि एवढंच म्हणाली, "मॅडम, एकडाव नीट इचारलं असतं तं बरं झालं असतं."

रकाना दुरुस्त करून नवा दाखला हातात पडायला जानेवारी उजाडला. मुलाचं वर्ष गेलं ते गेलंच. तो पुढे दहावी झाला, त्याचं बरं चाललं आहे, पण ते श्रेय माझं नाही.

त्या आईने जे सांगितलं त्यालाच कायद्यात नैसर्गिक न्याय म्हणतात, हे मला फार उशिरा कळलं. ज्याच्याविरुद्ध काही ठरवायचं त्याला आधी सांगा, त्याचं म्हणणं ऐका, मग कारणासहित ठरवा. १९७७ मध्ये मनेका गांधी यांचा पासपोर्ट ‘सार्वजनिक हितासाठी’ एवढंच सांगून जप्त झाला आणि कारण देण्यास नकार मिळाला. जानेवारी १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की जीविताचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क देणाऱ्या अनुच्छेद २१ मधली ‘कायद्याने ठरवलेली कार्यपद्धती’ न्याय्य, वाजवी आणि रास्त असली पाहिजे. नुसती छापील असून भागत नाही.

आता आपल्याच राज्यातलं बघा. गुंडाला तडीपार करायचं असेल तरी महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम ५९ प्रमाणे त्याला आधी आरोपांचं स्वरूप लेखी कळवावं लागतं, म्हणणं मांडायला संधी द्यावी लागते, आणि त्याला अपिलाची वाट आहे. ठेकेदाराला काळ्या यादीत टाकायचं तर आधी त्याला ऐकलं पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने पश्चिम बंगालच्या एका प्रकरणात १९७४ मध्येच सांगितलं. बँकेने कर्जदाराचं खातं ‘फसवणूक’ म्हणून जाहीर करण्याआधी त्याला बोलू द्यावं, हे २७ मार्च २०२३ च्या निकालात आलं. म्हणजे तडीपारी लागणाऱ्याला नोटीस मिळते, ठेकेदाराला मिळते, कर्ज बुडवल्याचा संशय असलेल्यालाही मिळते. साध्या माणसाच्या नावापुढे मात्र सरकारी संगणकात एक शेरा पडतो आणि त्याला कोणी विचारत नाही.

हे मी ऐकीव लिहीत नाही. गेल्या वर्षी माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. वय तिशीच्या पुढे, घरी बायको आणि दोन मुली. एका सरकारी कंत्राटावर चालकाची जागा मिळत होती, त्यासाठी चारित्र्य पडताळणी लागत होती. आठ वर्षांपूर्वी विसर्जनाच्या मिरवणुकीत दोन मंडळांची जुंपली, तेव्हा जमावातल्या नावांत याचंही नाव लागलं होतं. खटला चालला, तो निर्दोष सुटला. निकालाची नक्कल त्याने प्लास्टिकच्या पिशवीत घडी करून आणली होती, घड्यांवर कागद फाटायला आलेला. मोबाइलवर अर्जाची स्थिती दाखवली. तिथे अर्जापुढे एकच शब्द होता, ‘प्रतिकूल’. ज्या कार्यालयाकडून तो शब्द आला तिथे तो चारदा गेला होता. या खिडकीवरून त्या खिडकीवर. "मॅडम, का लिवलं हाय ते मले दाखवूनच नाही राहिले. वरून आलं म्हणते. वर म्हणजे कुठं, ते बी नाही सांगत." मी त्याच्यासोबत गेले. टेबलापलीकडच्या तरुण मुलीने खरंच सहानुभूतीने सांगितलं की तिच्या स्क्रीनवरही तेवढाच शब्द येतो. त्याचं कारण तिलाही दिसत नाही.

मला सगळ्यात भीती वाटली ती याची. १९९६ मध्ये त्या आईला निदान मी सापडले. कोणी लिहिलं, का लिहिलं, हे विचारायला एक माणूस होता, आणि चूक कळल्यावर त्या माणसाला झोप लागली नाही. ‘प्रतिकूल’ हा शब्द लिहिणाऱ्याला पाकीट सापडण्याची सोयच नाही.

त्या चालक विद्यार्थ्याची ती नोकरी हुकली. पुढे दोन महिन्यांनी, मी आणि एका वकील विद्यार्थिनीने लेखी अर्ज केल्यावर, शेरा बदलला. कशामुळे बदलला तेही कळवलं नाही.

निर्दोष सुटलेल्याचा पिच्छा सुटत नाही, हा प्रश्न आपल्या न्यायालयापुढे फार आधी आला होता. उत्तर प्रदेशातल्या खडक सिंग यांना दरोड्याच्या प्रकरणात पुराव्याअभावी सोडण्यात आलं, तरी पोलिसांनी त्यांच्या नावाची हिस्ट्री शीट, म्हणजे पाळतीची नोंद, उघडली. रात्री-अपरात्री दार ठोठावून ‘घरी आहे का’ बघून जायचं. १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रात्रीची ती घरभेट घटनाबाह्य ठरवली, बाकीची पाळत मात्र राहू दिली, आणि खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं मानायला बहुमत तयार झालं नाही. ते व्हायला २४ ऑगस्ट २०१७ उजाडावा लागला. नऊ न्यायाधीशांच्या पीठाने पुट्टस्वामी प्रकरणात एकमताने तो हक्क मान्य केला आणि सरकारला त्यात हात घालायचा असेल तर कसोट्या सांगितल्या. त्यासाठी कायदा हवा, हेतू रास्त हवा, आणि उपाय हेतूच्या मानाने जास्त जड नको. माझ्या विद्यार्थ्याचा शेरा यातल्या कोणत्या कसोटीवर टिकला असता, हे मी आपल्यातल्या वकील सदस्यांना मनापासून विचारते आहे.

शिस्त नको, असं माझं म्हणणं नाही. बत्तीस वर्षं मी शिस्तच लावली. महानगरपालिकेचं उपद्रव शोध पथक रस्त्यावर थुंकणाऱ्याकडून, कचरा टाकणाऱ्याकडून दंड घेतं, ते मला पटतं. सिग्नल तोडला तर चालान यावं, हेही पटतं. पण दंड आणि शेरा यांत फार मोठा फरक आहे. दंड एका कृत्याचा असतो, किती ते आधी छापलेलं असतं, भरला की पावती मिळते आणि विषय संपतो. शेरा माणसाचा असतो. तो किती दिवस चालेल, कुठे कुठे जाईल, कशाच्या आड येईल, काही ठरलेलं नसतं. थुंकल्याबद्दल दंड घ्या. त्याच थुंकण्याची नोंद उद्या त्याच्या मुलीच्या शिष्यवृत्तीच्या अर्जाला जोडू नका.

चीनचं उदाहरण सगळे देतात, तर त्याबद्दल नेमकं बोलू. तिथे प्रत्येक नागरिकाला सरकारने एक आकडा दिला आहे, असे मेसेज आपल्या ग्रुपांवर फिरतात. तसा देशभराचा एकच आकडा तिथे नाही. आहे ते असं : २०१३ पासून न्यायालयाचा आदेश न पाळणाऱ्यांची यादी, २०१४ मध्ये केंद्र सरकारने जाहीर केलेला ‘सामाजिक पत’ उभारण्याचा आराखडा, आणि रोंगचेंगसारख्या काही शहरांत लोकांना १००० गुण देऊन वागणुकीप्रमाणे ते कमी-जास्त करण्याचे प्रयोग. पण यादीचा मार साधा नव्हता. तिथल्याच सरकारी अहवालाप्रमाणे २०१८ अखेरपर्यंत १ कोटी ७५ लाख वेळा विमानाचं आणि ५५ लाख वेळा रेल्वेचं तिकीट नाकारण्यात आलं. एका वकिलाला तिकीट मिळेना, कारण न्यायालयाने सांगितल्यावरून त्याने लिहिलेला माफीनामा मनापासूनचा वाटत नाही, असं न्यायालयाचं मत पडलं होतं. माफी मनापासूनची आहे की नाही हे कोणी मोजायचं? वर्गासमोर रडणाऱ्या मुलाचं मन मीही असंच मोजलं होतं.

त्यांच्या सुइनिंग नावाच्या परगण्यात २०१० मध्ये लोकांना अ ते ड अशा श्रेणी देण्याची योजना निघाली. वरच्या कार्यालयात तक्रार घेऊन जाणाऱ्याचे, सरकारी कचेरीपुढे गर्दी करणाऱ्याचे गुण कापले जात. तिथल्या सरकारी वर्तमानपत्रांनीच तिची तुलना जपानी आक्रमणाच्या काळात वाटल्या जाणाऱ्या ‘चांगला नागरिक’ दाखल्यांशी केली. आणि डिसेंबर २०२० मध्ये तिथल्या केंद्र सरकारला स्थानिक सरकारांना कळवावं लागलं की कायद्यात आधार नसेल तर अशा गुणांवरून कोणाला शिक्षा करू नका.

सदस्यहो, टेकडी रोडवर बसलेल्या माणसांकडे यंदा या नजरेने एकदा बघा. अंगणवाडीच्या ताई, कंत्राटी आरोग्य कर्मचारी, धानाच्या बोनससाठी भंडारा-गोंदियाहून आलेले शेतकरी. वर कॅमेरे आहेत. त्यांचं चित्रण सुरक्षेसाठी होतं यावर माझा विश्वास आहे, आणि ते तेवढ्यापुरतंच राहावं हे सांगणारा कायदा हवा एवढंच मी मागते. कारण आपल्या देशात हे पाऊल उचललं जाऊ शकतं हे दिसलेलं आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये बिहार पोलिसांनी परिपत्रक काढलं की आंदोलनात, रस्ता रोकोत गुन्ह्यात सापडून ज्याच्यावर आरोपपत्र जाईल त्याची नोंद चारित्र्य पडताळणीत होईल आणि त्याने सरकारी नोकरी, कंत्राट, पासपोर्ट यांना मुकायची तयारी ठेवावी. आरोपपत्र म्हणजे शिक्षा नव्हे, हे आमची नववीची मुलंही नागरिकशास्त्रात शिकतात. त्याच महिन्यात उत्तराखंडच्या पोलीस प्रमुखांनी सांगितलं की पासपोर्टच्या पडताळणीत समाजमाध्यमांवरचं वागणंही तपासलं जाईल.

गरिबाच्या बाबतीत तर श्रेणी लावायचीही गरज पडत नाही, संगणकाने ‘अपात्र’ म्हटलं की पुरे. तेलंगणात सुमारे १९ लाख शिधापत्रिका रद्द झाल्या. घरी जाऊन कोणी बघितलं नाही, नोटीस दिली नाही, संगणकाने जुळवाजुळव करून नावं गाळली, अशी तक्रार सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आणि एप्रिल २०२२ मध्ये न्यायालयाने प्रत्यक्ष पडताळणी करायला सांगितली. त्या आधीच्या महिन्यांत त्या घरांत काय शिजलं असेल, ते शाळेत पोषण आहार वाढणाऱ्या कोणत्याही बाईला विचारा. नेदरलँडसारख्या श्रीमंत देशातही कल्याणकारी मदत घेणाऱ्यांत फसवे कोण निघतील याचा अंदाज बांधणारी ‘सिरी’ नावाची यंत्रणा होती. ५ फेब्रुवारी २०२० ला हेगच्या न्यायालयाने ती बंद पाडली, कारण तिच्या आत काय चालतं ते नागरिकाला तपासताच येत नव्हतं.

आणि आपल्या विदर्भाने तर यातला सगळ्यात जुना आणि सगळ्यात वाईट प्रकार सोसला आहे. १८७१ पासून चालत आलेला गुन्हेगार जमाती कायदा हा वागणुकीचा शेराच होता, फक्त तो जन्माआधी लिहून ठेवलेला होता. जमातीचं नाव नोंदवहीत, माणसाची हजेरी पोलिसांकडे, गाव सोडायचं तर परवानगी. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो रद्द झाला, म्हणून त्या दिवसाला विमुक्त दिन म्हणतात. माझ्या वर्गात पारधी मुलं होती. शाळेत काही हरवलं की पहिल्यांदा कोणाकडे नजर जायची, हे मी लिहायला नको. कायदा जाऊन चार दशकं झाली होती, तरी शेरा शिल्लक होता. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला तुरुंगांच्या नियमावल्यांमधले जातीवरून कामं वाटणारे आणि विमुक्त जमातींना सवयीचे गुन्हेगार समजणारे नियम रद्द करावे लागले. संगणकाला आपण जुन्या नोंदी खाऊ घालणार आणि त्यावरून धोका कोण, भरवशाचा कोण, हे विचारणार. त्या नोंदी कोणाच्या नावाने भरलेल्या आहेत?

२०२४ मध्ये राज्य सरकारने पोलिसांसाठी कृत्रिम बुद्धिमत्तेवर काम करणारी ‘मार्व्हल’ ही कंपनी काढली. ती आमच्या नागपुरातच आहे आणि आयआयएम नागपूरची तिला साथ आहे. गुन्हे लवकर उघडकीस येणार असतील तर मला त्याचा आनंदच आहे. पण यंत्र आलं आणि त्याला बांधणारा नियम मागाहून येईल, ही वाट मला धोक्याची वाटते. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याकडे बघून समाधान मानावं, तर त्यातल्या कलम १७ खाली केंद्र सरकार आपल्या यंत्रणांना अधिसूचना काढून मोकळं सोडू शकतं. यंत्राने माझ्याविरुद्ध घेतलेला निर्णय माणसाकडून पुन्हा तपासून घेण्याचा हक्क तर त्यात मुळीच नाही. युरोपीय संघाने वागणुकीवरून माणसांना गुण देऊन दुसऱ्याच कुठल्या तरी बाबतीत त्यांचं नुकसान करणाऱ्या यंत्रणांवर २ फेब्रुवारी २०२५ पासून थेट बंदी आणली आहे. आपण बंदीपर्यंत जायला तयार नसलात, तरी निदान विचारण्याचा हक्क द्या.

न्यायालयाचं दार आहे, हे मला ठाऊक आहे. बाबासाहेबांनी संविधान सभेत मूलभूत हक्कांसाठी थेट सर्वोच्च न्यायालयात जाऊ देणाऱ्या अनुच्छेद ३२ ला संविधानाचा आत्मा आणि हृदय म्हटलं. दीक्षाभूमीच्या या गावात ते कोणाला सांगावं लागत नाही. उच्च न्यायालयाचं खंडपीठही विधान भवनापासून लांब नाही. पण मागावर बसणाऱ्या माणसाला ते अंतर किती पडतं? अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये एका पोलीस प्रमुखाने गावातल्या दारूच्या दुकानांत एका बाईंच्या नावाची चिठ्ठी लावली होती, यांना वर्षभर दारू देऊ नये. त्यांना आधी सांगितलं नव्हतं, विचारलं नव्हतं. १९७१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की सरकार माणसाच्या नावाला बट्टा लावणार असेल तर आधी सूचना आणि सुनावणी हवीच. त्या बाई न्यायालयात जाऊ शकल्या, कारण चिठ्ठी भिंतीवर लावलेली होती आणि सगळ्यांना दिसत होती. ‘प्रतिकूल’ कुठल्या भिंतीवर लावला आहे हे माझ्या विद्यार्थ्याला दिसतच नाही, तर तो कशाविरुद्ध जाईल?

म्हणून मागणी साधी आहे, आणि ती आपल्या हातातली आहे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ आपल्याच सभागृहांनी केला. त्यात वेळेत सेवा मिळाली नाही तर पहिलं अपील, दुसरं अपील आणि वर आयोग अशी शिडी तयार आहे. तिलाच एक पायरी जोडा. कोणत्याही सरकारी कार्यालयाने, महामंडळाने किंवा त्यांच्या वतीने काम करणाऱ्या कंपनीने माणसाच्या वागण्याबद्दल असा शेरा, श्रेणी किंवा गुण नोंदवला की ज्यामुळे त्याची नोकरी, परवाना, रेशन, शिष्यवृत्ती किंवा दाखला अडू शकतो, तर नोंद लागू होण्याआधी ती त्याला मराठीत, लेखी कळली पाहिजे. कारण आणि आधार दोन्ही. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ प्रमाणे बाधित व्यक्तीला निर्णयाची कारणं देणं कार्यालयांवर आजही बंधनकारक आहे, ते नव्याने काही मागणं नाही. त्याला म्हणणं मांडायला दिवस मिळावेत, आणि ते म्हणणं यंत्राने नव्हे, नाव आणि हुद्दा असलेल्या अधिकाऱ्याने ऐकावं. ज्याला वाचता येत नाही त्याला वाचून दाखवावं. निर्दोष सुटलेल्याच्या नावावरची नोंद निकालाबरोबर पुसली जावी, त्यासाठी त्याला पिशवीत नक्कल घेऊन फिरावं लागू नये. बाकीच्या नोंदींनाही मुदत असावी. आणि एका कामासाठी केलेली नोंद दुसऱ्या कामाला जोडायची असेल, तर त्याला सभागृहाने मंजूर केलेला कायदा लागावा, परिपत्रक नव्हे.

यात खर्च किती येईल, वेळ किती लागेल, असं अधिकारी आपल्याला सांगतील. बत्तीस वर्षं मी कारकुनी जवळून पाहिली आहे, त्यांची अडचण मला कळते. पण तीनशे चाळीस रुपयांच्या चौकशीसाठी मी पाच मिनिटं जास्त दिली असती, वर्ग सुटल्यावर त्या मुलाला एकटा बसवून त्याची वही बघितली असती, तर शनिवारी कोणी कधी किती दिले ते त्यात लिहिलेलं होतं. ती वही मी नंतर बघितली. शेवटच्या ओळीत ‘मॅडमच्या टेबलावर ठेवले’ असं त्याच्या अक्षरात होतं.

रद्द झालेला तो पहिला दाखला दुरुस्तीसाठी परत आला तेव्हा त्याची एक झेरॉक्स मी काढून ठेवली होती. मुलाचं नाव, जात आणि शाळेचं नाव झाकून ती या पत्रासोबत जोडली आहे. वर्तणुकीचा रकाना उघडा ठेवला आहे. अधिवेशनाच्या काळात आपल्यापैकी कोणाला याबद्दल बोलायचं असेल तर मी यायला तयार आहे, आणि येताना त्या चालक मुलालाही सोबत आणीन. त्याच्या पिशवीतला निकाल आपण स्वतः वाचावा, अशी त्याची इच्छा आहे.

आपली नम्र,
एक निवृत्त मुख्याध्यापिका
नंदनवन, नागपूर